लातूरची दोन वर्षांची इंटिग्रेटेड नीट बॅच: बारावी आणि नीट एकत्र खरंच जमतं का?

लेकीची नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) झाली, कॉलेजही मिळालं (घरापासून लांब मिळालं, पण मिळालं), आणि तेव्हापासून नातेवाईक, शेजारीपाजारी, शाळेतल्या सहकारी बायका सगळ्यांचा एकच प्रश्न, क्लास कसा होता हो, आमच्या पिंट्याला घालू का. फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. लातूरच्या ट्यूशन एरियात दर दहा पावलांवर एक क्लास आहे आणि इंटिग्रेटेड म्हणून जे विकतात ते थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखंच असतं, त्यामुळे मी लिहितेय ते तुम्हाला दुसऱ्या क्लासच्या ऑफिसात बसूनही उपयोगी पडेल. मी स्वतः हायस्कूलला नववी दहावीला विज्ञान शिकवते, पुस्तक उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे थोडं पाल्हाळ होणार, चालवून घ्या.

आमची बॅच २०२३ ते २०२५. म्हणजे बारावी बोर्ड फेब्रुवारी-मार्च २०२५ आणि नीट ४ मे २०२५.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंटिग्रेटेड म्हणजे अकरावी-बारावीचं ज्युनियर कॉलेज आणि नीटची शिकवणी एकाच ठिकाणी. कागदावर प्रवेश एका टाय-अप (क्लासशी करार असलेल्या) कॉलेजात, शिकवणार क्लासचे सर. सकाळी साडेसातला आत गेलेलं पोरगं दुपारी बाहेर येतं, मग जेवण, मग डाउट काउंटर, मग अभ्यासिका. जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं, 'बोर्ड + नीट एकाच तयारीत'. माझा सगळा रिव्ह्यू या एका वाक्याचा आहे असं समजा, कारण पैसे आपण त्याचेच देतो. नुसतं नीट शिकवणारे चांगले सर यूट्यूबवर फुकट आहेत. दोन्हीचा मेळ घालून देणं हे खरं काम, आणि ते या क्लासने अर्धं फार छान केलं आणि अर्धं वाऱ्यावर सोडलं.

आधी छान काय ते सांगते.

आपलं बालभारतीचं अकरावी-बारावीचं पुस्तक आणि एनसीईआरटी (केंद्राचं पुस्तक, नीटला तेच धरतात) यांच्यात धडे जवळपास तेच असले तरी कुठल्या वर्षाला कुठला धडा याची सरमिसळ आहे आणि हे बहुतेक पालकांना माहीतच नसतं. बारावी फिजिक्सचं आपलं पुस्तक उघडा, रोटेशनल डायनॅमिक्स, फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स, सुपरपोझिशन ऑफ वेव्हज, हे पहिले सहाच्या सहा धडे एनसीईआरटीत अकरावीला आहेत. उलट रे ऑप्टिक्स आपल्याकडे अकरावीत उरकतं आणि एनसीईआरटीत ते बारावीला. केमिस्ट्रीत आयोनिक इक्विलिब्रिया आणि केमिकल थर्मोडायनॅमिक्स आपल्याकडे बारावी, तिकडे अकरावी. बायोलॉजीत रेस्पिरेशन-सर्क्युलेशन आणि कंट्रोल-कोऑर्डिनेशन आपण बारावीला शिकवतो, एनसीईआरटीत अख्खी ह्यूमन फिजिऑलॉजी अकरावीला. आता एखादं पोरगं कॉलेजला स्टेट बोर्डाच्या क्रमाने आणि बाहेर क्लासला एनसीईआरटीच्या क्रमाने शिकत असेल तर सकाळी एक धडा, संध्याकाळी भलताच, आणि डोक्याचा पार भुगा. माझ्या नणंदेच्या मुलाचं दोन वर्षं हेच चाललं होतं.

या क्लासने पहिल्याच आठवड्यात एक मोठा तक्ता दिला होता, एका बाजूला बोर्डाचा धडा, दुसऱ्या बाजूला एनसीईआरटीचा धडा, तिसऱ्या रकान्यात कुठल्या महिन्यात घेणार ते. तो तक्ता लेकीने हॉस्टेलच्या कपाटाला आतून चिकटवला होता. अकरावीत एनसीईआरटीच्या क्रमाने गेले, त्यामुळे बारावी सुरू झाली तेव्हा बोर्डाच्या फिजिक्सचे पहिले सहा धडे तिच्या आधीच हाताखालून गेलेले होते, जून-जुलैमध्ये ते फक्त घोटायचे होते आणि सगळा वेळ इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि करंटला मिळाला. माझ्या मते निम्मी फी इथेच वसूल झाली.

त्यात मध्येच गोंधळ झाला तो क्लासचा दोष नाही. आमची बॅच अकरावीत असताना, २०२३ च्या शेवटी, नीटचा सिलॅबस कमी केला. सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स, ट्रान्सपोर्ट इन प्लांट्स, मिनरल न्यूट्रिशन, डायजेशन, असे बरेच धडे गेले. सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण बोर्डाने काही कमी केलं नव्हतं ना. सॉलिड स्टेट हा बारावी केमिस्ट्रीचा पहिलाच धडा, तो आहेच. पॉलिमर्स आहे, ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनो आहे, बायोलॉजीत प्लांट वॉटर रिलेशन आहे, एनहान्समेंट ऑफ फूड प्रॉडक्शन आहे. प्लांट ग्रोथ अँड मिनरल न्यूट्रिशन या धड्यात तर गंमत, ग्रोथचा भाग नीटला आहे, मिनरलचा नाही. तक्ता बदलून नवीन दिला, पटकन दिला, त्याचे मार्क देते. पण नवीन तक्त्यात या 'फक्त बोर्ड' धड्यांच्या समोरचा महिन्याचा रकाना कोरा होता! मी पालक सभेत विचारलं तर उत्तर मिळालं, मॅडम ते शेवटी घेऊ, सोपे आहेत, मुलं स्वतः वाचतात.

शेवटी म्हणजे कधी, तर बोर्डाच्या तोंडावर. आणि घेतले म्हणजे काय, तर झेरॉक्स नोट्स वाटल्या.

आता इथून पुढे तक्रारी आहेत.

क्लासचं बोर्डाविषयी एक ठरलेलं बोलणं असतं, ओपनला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून ५० टक्के आणि राखीवला ४० टक्के एवढंच लागतं, बाकी बारावीच्या मार्कांना मेडिकलच्या मेरिटमध्ये शून्य किंमत, मग कशाला जीव काढता. नियम बरोबर आहे. पण तेवढ्यावर पोराला सांगणं की बोर्ड आपोआप होईल, हे चूक आहे, आपोआप काही होत नाही. नीटला बसणाऱ्या हुशार पोराला बोर्डाचा पेपर लिहिता येत नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि माझीच लेक त्यात होती.

डिसेंबरात क्लासने बोर्डाची एक प्रिलिम घेतली. फिजिक्सचा ७० मार्कांचा पेपर. पहिला प्रश्न दहा एमसीक्यू (चारातला बरोबर पर्याय निवडायचा), दहा मार्क. पोरगी म्हणाली, आई, दहाच्या दहा बरोबर. पेपर हातात आला तर पहिल्या प्रश्नाला शून्य. कारण तिने नुसतं बी, डी, ए, असं लिहिलं होतं. बोर्डाच्या पेपरवर वरच्या सूचनांमध्ये स्वच्छ छापलेलं असतं की पर्यायाचं अक्षर आणि त्याच्यासोबत उत्तर, दोन्ही लिहायचं, नुसतं एकच लिहिलं तर मार्क नाहीत, आणि पहिलाच प्रयत्न धरला जाणार. दीड वर्ष ओएमआरचे (नीटच्या उत्तरपत्रिकेचे) गोळे काळे करणाऱ्या पोरांना कुणी हे सांगितलंच नव्हतं. तपासणाऱ्या सरांनी नियमाप्रमाणे शून्य दिलं ते फार बरं केलं, त्या सरांना माझा नमस्कार, निदान प्रिलिमला कळलं. वर्गातल्या अर्ध्या पोरांचं तेच झालं होतं म्हणे.

त्याच पेपरात बँक्ड (वळणावर एका बाजूला उतरत्या) रोडवरच्या मॅक्सिमम सेफ स्पीडचं डेरिव्हेशन होतं. तिला फॉर्म्युला पाठ, त्यावरचं गणित अर्ध्या मिनिटात सोडवते, पण डेरिव्हेशन म्हणून आकृती काढा, फोर्सेस दाखवा, घटक पाडा, दोन समीकरणं लिहून भागाकार करा, हे तिने कधी केलंच नव्हतं. खाली एक ओळ, वर चौकट, त्यात फॉर्म्युला. अर्धा मार्क. आणि लॉग टेबल! बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. नीटला दोन्ही नाही, तिथे पोरं अंदाजाने पर्याय गाठायला शिकतात. बोर्डाच्या गणितात पूर्ण आकडेमोड करून उत्तर लिहायचं असतं, आणि पोरांना अँटीलॉग कुठल्या पानावर असतो ते माहीत नाही. नाताळच्या सुट्टीत घरी आली तेव्हा मीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून लॉग टेबल शिकवलं, एका संध्याकाळचं काम होतं ते. एवढी फी घेणाऱ्यांना ती एक संध्याकाळ काढता आली नाही.

प्रॅक्टिकलचं तर विचारूच नका. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, प्रत्येकाला ३० मार्क प्रॅक्टिकलचे. टाय-अप कॉलेजची लॅब आहे, चांगली आहे, कुलूपही चांगलं आहे. अकरावीत पोरं क्वचित कधी गेली, बारावीत जानेवारीत एकदम सगळं उरकलं, जर्नल एकाचं बघून साठ जणांनी लिहिलं. मार्क सगळ्यांना मिळतात हो, त्याची काळजी नसते, म्हणून कुणी बोलत नाही. पण मला राग याचा आला की नीटच्या नवीन सिलॅबसमध्ये फिजिक्सला एक्स्पेरिमेंटल स्किल्स असं वेगळं युनिटच घातलंय. व्हर्नियर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज, रेझोनन्स ट्यूब, झेनर डायोड, सगळं त्यात आहे. केमिस्ट्रीतही प्रॅक्टिकलवर युनिट आहे. म्हणजे जिथे बोर्ड आणि नीट खरोखर एकत्र येतात, एकदा हाताने केलं की दोन्हीकडे मार्क, तीच जागा क्लासने सोडून दिली आणि तोच व्हर्नियर फळ्यावर खडूने काढून शिकवला. झिरो एररचं प्लस-मायनस फळ्यावर कुणाला कळत नाही, यंत्र हातात घेऊन दोन वेळा चुकल्यावर कळतं. मी शाळेत नववीच्या पोरांना हातात देते, त्यांना कळतं.

आता टेस्ट सिरीज. ही या क्लासची सगळ्यात भक्कम बाजू, इथे पाचपैकी पाच.

दर रविवारी पेपर. सुरुवातीला सकाळी घ्यायचे, बारावीच्या दिवाळीनंतर दुपारी २ ला सुरू केले, कारण खरी नीट त्याच वेळेला सुरू होते. बारीक वाटेल गोष्ट पण लातूरच्या उन्हात जेवण करून दुपारी दोनला पेपरला बसणं आणि जागं राहणं ही सुद्धा तयारी आहे. ओएमआर खऱ्यासारखीच, कार्बन कॉपीसकट. सोमवारी निकाल, आणि निकालासोबत एक पान, त्यात तीन रकाने, येत नव्हतं म्हणून सोडलं, येत होतं पण चुकलं, अंदाजाने मारलं. हे पान पोरांनी स्वतः भरायचं आणि मेंटर सरांना दाखवायचं. लेकीचं दुसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त असायचं आणि ते बहुतेक बायोलॉजीत. ९० प्रश्नांचा विषय, ३६० मार्क, आणि ही घाईत 'इनकरेक्ट' शब्द न वाचता बरोबर विधानावर गोळा करून मोकळी. चुकलं की चार जातात आणि वर एक कापतात, म्हणजे पाचचा फटका. बॉटनीच्या मॅडमनी तिला प्रश्नातल्या 'नॉट' आणि 'इनकरेक्ट' खाली रेघ मारायची सवय लावली, त्या मॅडमसाठी मी वेगळा पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेले होते.

जानेवारी २०२५ मध्ये एनटीएने (नीट घेणारी संस्था) पॅटर्न बदलला. आधी २०० प्रश्नांतले १८० सोडवायचे आणि २०० मिनिटं, आता सरळ १८० प्रश्न, सगळे सोडवायचे, आणि १८० मिनिटं. ऑप्शनही गेला आणि वीस मिनिटंही गेली. परीक्षेला तीन महिने आणि पोरं रडकुंडीला. त्यानंतरच्या रविवारचाच पेपर नवीन पॅटर्नने होता. ऑफिसातल्या लोकांनी रात्रभर बसून पेपर बदलले असणार. याला म्हणतात सर्व्हिस.

मग बोर्ड. ११ फेब्रुवारीला सुरू झालं. क्लासने जानेवारीच्या मध्यापासून नीटचे तास बंद ठेवून बोर्डाला पूर्ण मोकळीक द्यायला हवी होती, माझं स्पष्ट मत. त्यांनी काय केलं तर रविवारचे पेपर चालूच. पोरगी शनिवारी इंग्लिशचे निबंध आणि रविवारी मॉडर्न फिजिक्स. मी फोन करून सांगितलं की माझी मुलगी बोर्ड संपेपर्यंत पेपरला येणार नाही, तर मेंटर सर म्हणाले, मॅडम लय तुटेल. म्हटलं तुटू द्या, आम्ही जोडून घेऊ. एवढं सांगायची हिंमत ठेवा पालकांनो, ते काही पोराला काढून टाकत नाहीत.

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की नीटपर्यंत जो वेळ उरतो तो या सगळ्या दोन वर्षांतला सोन्याचा काळ, आणि तिथे क्लासने परत मन जिंकलं. दिवसाआड पूर्ण पेपर, मधल्या दिवशी त्या पेपरच्या चुका, आणि नवीन काही शिकवायचं नाही हा कडक नियम. बायोलॉजीसाठी एनसीईआरटी ओळ न ओळ, आकृत्यांखालच्या ओळीसकट. सर स्वतः सकाळी सहाला अभ्यासिकेत बसलेले असायचे. एप्रिलमध्ये मध्येच राज्याची सीईटी येते, पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) ग्रुपची. क्लास म्हणतो सोडून द्या, वेळ जातो. आम्ही दिली. निगेटिव्ह मार्किंग नाही, अकरावीचा भाग फक्त २० टक्के, बाकी बारावी स्टेट बोर्डाचं, जे नुकतंच बोर्डासाठी पाठ केलेलं होतं. फार्मसी आणि ॲग्रीचा दरवाजा उघडा राहतो. वेगळा अभ्यास एक दिवसही केला नाही तिने आणि पर्सेंटाइल बरे आले. सीईटी दिलेली होती याचा नीटच्या रात्री झोप लागायला उपयोग झाला, माझ्या झोपेला तर नक्कीच.

२०२५ चा नीटचा फिजिक्सचा पेपर ज्यांनी बघितला असेल त्यांना माहीत आहे, अख्ख्या देशाची पोरं बाहेर येऊन रडत होती. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्याला ७२० पैकी ६८६, यावरून ओळखा, आणि आदल्या वर्षी तर ७२० वाल्यांची रांग लागली होती. क्लासचे फिजिक्सचे पेपर त्या मानाने सोपे होते का, हो होते. पण त्या वर्षी कुणाचेच तेवढे अवघड नसणार, त्याबद्दल मार्क कापत नाही. आणि कहर म्हणजे नीट रविवारी ४ मेला आणि बारावीचा निकाल सोमवारी ५ मेला दुपारी एकला. आदल्या दिवशी फिजिक्सने झोपवलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी बोर्डाचा निकाल बघतंय. आमच्याकडे बोर्डाचे मार्क चांगले आले आणि घरात पुन्हा हसू आलं, ज्यांनी बोर्ड 'पासिंगपुरतं' धरलं होतं त्यांच्याकडे सलग दोन दिवस सुतक. जाता जाता, त्या निकालात राज्यातल्या नऊ विभागांत लातूर विभाग सगळ्यात खाली होता, ८९.४६ टक्के. लातूर पॅटर्नवाल्यांनी हे फ्लेक्सवर नाही छापलं.

फ्लेक्सवरून आठवलं. क्लासच्या बाहेर मोठा बोर्ड असतो, आमचे इतके टक्के विद्यार्थी नीट क्वालिफाय. क्वालिफाय या शब्दावर जाऊ नका. २०२५ ला ओपनचा क्वालिफाइंग स्कोअर १४४ होता, ७२० पैकी. १४४ ला एमबीबीएसची सरकारी सीट तर सोडाच. ऑफिसात बसून एकच विचारा, रेग्युलर दोन वर्षांच्या बॅचमधले, पहिल्याच प्रयत्नात, सरकारी कॉलेज मिळालेले किती आणि बॅच कितीची होती. रिपीटर (पुन्हा नीट देणारे) वेगळे सांगा म्हणा. नोव्हेंबर २०२४ पासून कोचिंगच्या जाहिरातींना केंद्राचे नियमही आहेत, फोटो लावलेल्या पोराने कुठला कोर्स केला होता ते सांगावं लागतं. बऱ्याच फोटोंतलं पोरगं फक्त टेस्ट सिरीजचं असतं.

फी. दोन वर्षांची दीड लाखाच्या वर गेली, अठरा टक्के जीएसटी धरून. कॉलेजची फी वेगळी, हॉस्टेल वेगळं, मेस वेगळी. बॅग आणि टी-शर्ट 'फ्री' मिळाला, टी-शर्टचा रंग पहिल्या धुण्यात बादलीत. पक्की पावती मागा, आम्हाला पहिल्या हप्त्याची साधी चिठ्ठी दिली होती, दोनदा मागितल्यावर पावती आली. लेकीच्या रूममेटने अकरावीत चार महिन्यांत सोडलं, घरची ओढ, तब्येतही खालावली, तिच्या वडिलांनी उरलेली फी मागितली तर फॉर्मवरची बारीक अक्षरातली ओळ दाखवली, नॉन-रिफंडेबल. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या कोचिंग गाइडलाइन्समध्ये उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यायची असं आहे, तिच्या वडिलांनी ती प्रिंट काढून नेली, तेव्हा कुठे थोडेफार परत मिळाले. ही प्रिंट प्रवेशाच्या दिवशीच सोबत न्या, शांतपणे टेबलावर ठेवा, बघा बोलण्याचा सूर कसा बदलतो.

हॉस्टेल-मेसवर फार लिहीत नाही, ते क्लासचं नव्हतं. भात कच्चा, वरण पातळ, रविवारी पनीर म्हणून जे यायचं त्यावर लेकीने बायोलॉजीचे दोन-चार विनोद केले. खोलीत चौघी, पाणी जारचं. मुलींचं हॉस्टेल असेल तर रात्री अभ्यासिकेतून येताना रस्त्यावर दिवे आहेत का ते संध्याकाळी सातनंतर जाऊन बघा, दुपारी दाखवतात तेव्हा सगळंच छान दिसतं.

बॅचेस टेस्टवर बदलतात, ए-वन, ए-टू असं. वरच्या बॅचला जुने नावाजलेले सर, खालच्या बॅचला नुकतेच बीएस्सी झालेले. आमची मधल्या बॅचमध्ये होती, एकदा वर गेली, परत खाली आली. खाली आली त्या आठवड्यात जेवली नाही. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावासकट रँक टाकायचे, ते मी भांडून बंद करवलं, म्हणजे आमच्या बॅचपुरतं तरी. आता प्रत्येकाला स्वतंत्र मेसेज जातो.

तर कुणी घालावं? पोरगं स्टेट बोर्डाचं असेल, गावात कॉलेजला बरे शिक्षक नसतील, आणि घरातलं कुणी बोर्डाच्या लेखी पेपरकडे लक्ष द्यायला असेल तर घाला, त्या तक्त्यासाठी, टेस्टसाठी आणि शेवटच्या टप्प्यासाठी पैसे वसूल आहेत. घरात कुणी बघणारं नसेल तर ऑक्टोबरपासून बोर्डाचे लेखी पेपर लिहून घेणारी गावातली एखादी छोटी शिकवणी लावा, डेरिव्हेशन, आकृत्या, लॉग टेबल, एवढंच. तुमच्या शहरातलं ज्युनियर कॉलेज खरंच चांगलं असेल, लॅब उघडी असेल, तर इंटिग्रेटेडच्या भानगडीत पडू नका, तिथेच शिकू द्या आणि नुसती टेस्ट सिरीज लावा. आणि हो, २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, आमच्या वेळी लातूरला सरळ कॉलेजात जाऊन फॉर्म भरला होता. त्यामुळे फी भरायच्या आधी विचारा की टाय-अप कॉलेज यादीत नाही लागलं तर काय, आणि उत्तर लेखी घ्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा लॉग टेबलचा कापला, अर्धा प्रॅक्टिकलचा, अर्धा त्या कोऱ्या रकान्याचा.

बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून, नुसती टेस्ट सिरीज मिळते, बाहेरच्या पोरांनाही रविवारी बसू देतात, फी फारच कमी आहे. नावनोंदणी ऑफिसात, फोनवर करत नाहीत. साडेदहाच्या आधी जाऊ नका, काउंटरवरच्या ताई तेव्हाच येतात.